हिवाळी कृष्णाकाठ आणि छायाचित्रकला

कार्तिक लागला, की कृष्णेचे गढूळ पाणी निवळू लागते. काठावरील लव्हाळी तांबूस होतात, मळ्यांतील उसाला तुरे येतात आणि आषाढ-श्रावणात दिसेनाशा झालेल्या घाटाच्या पायऱ्या एकेक करून पुन्हा वर येतात. सकाळच्या एस.टी.ने निघावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, अशा एक दिवसाच्या सहलींसाठी मार्गशीर्ष-पौषाचा हा काळ सर्वांत सोयीचा. हल्ली प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनीच्या रूपाने कॅमेरा असतो. त्यामुळे नदीची छायाचित्रे घेतली जातात ती विपुल. मात्र त्यांतील फार थोडी पुढे कोणाच्या उपयोगी पडतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. आणि तो अनुभव स्वतःच्याच चुकीतून आलेला आहे.

सन २०१९च्या ऑगस्टमधील महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, एवढे सांगितले म्हणजे त्या पुराची कल्पना यावी. पूर ओसरल्यावर काठच्या एका गावी ग्रामसभेत प्रश्न निघाला, की नदीने मळीची जमीन नेमकी किती कापून नेली? जुना काठ कोठे होता, यावर चार वडीलधाऱ्यांची चार मते पडली. त्या गावी आम्ही अनेक हिवाळे छायाचित्रणासाठी गेलो होतो. म्हणून तेथील शिक्षकांनी मोठ्या आशेने आमच्याकडे विचारणा केली. संग्रह काढून पाहिला, तो धुक्यातील होड्या, पाण्यावर पसरलेले सोनेरी ऊन, उडणारे बगळे! एकाही चित्रात ती जागा कोणती, हे सांगणारी खूण नव्हती. कित्येकांवर तारीखही नव्हती. अखेरीस उपयोगी पडले ते शाळेच्या कपाटातील एक साधे चित्र. सहावीचा वर्ग पिंपळाच्या पारासमोर रांगेत उभा होता आणि मुलांच्या मागे काठाची कड स्पष्ट दिसत होती. मागे वर्गाचे नाव व तारीख लिहिलेली होती. पार जागेवर होता, पिंपळही होता. त्यावरून जुन्या काठाचे अंतर निदान अंदाजाने तरी काढता आले.

तेव्हापासून आम्ही नदीचे चित्र दोन वेळा घेतो. एक मनासाठी आणि एक नोंदीसाठी. पहिल्याचे तंत्र आधी पाहू. कारण चांगले दिसणारे चित्रच माणसे जपून ठेवतात.

प्रकाशाची वेळ

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास कराडच्या अक्षांशावर तो भर माध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे ४९ अंशच वर येतो; मे महिन्यात तोच थेट डोक्यावर असतो. यामुळे हिवाळ्यात दिवसभर तिरपे ऊन मिळते, घाटाच्या पायऱ्यांची प्रत्येक कड सावलीने उठून दिसते. सूर्योदयही ठीक पूर्वेस न होता आग्नेयेकडे सरकून होतो. आदल्या दिवशी जागा ठरविताना हे ध्यानी न घेतल्यास सूर्य भलत्याच झाडामागून उगवतो.

धुक्याचे कारण सोपे आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता लवकर सोडते, पाणी मात्र सावकाश निवते. काठावरून उतरलेली गार हवा त्या उबदार पाण्यावरील बाष्पाला भिडली, की नदीवर वाफेसारखे धुके तरंगू लागते. सूर्य वर आल्यावर तास-दीड तासात ते विरते. म्हणजे उजाडण्यापूर्वीच काठावर पोहोचणे आले. ऊसपट्ट्यात याच दिवसांत पाचट जाळले जाते. त्याचा निळसर धूर धुक्यात मिसळतो व चित्रात फार मोहक दिसतो. तो मोहक आहे म्हणून चांगला आहे, असे मात्र नव्हे. जलपर्णीचेही तसेच. तिच्या हिरव्या गालिच्याला चित्रस्पर्धेत बक्षीस मिळते आणि खाली नदी गुदमरत असते.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे पांढरे धुके चित्रात मळकट उतरते. अशा वेळी प्रकाश एक टप्पा वाढवावा. भ्रमणध्वनीवर धुक्याला बोट लावून सूर्याची खूण किंचित वर सरकविली, तरी काम होते. उन्हात चमचमणारे पाणी असेल, तर त्या चमकीने कॅमेरा फसतो व काठ, माणसे, झाडे काळी पडतात. तेथे माप काठावरून घ्यावे. अथवा ती आकृती काळीच हवी असे ठरवून घ्यावे.

नदीच्या चित्रात सर्वांत वारंवार होणारी चूक म्हणजे कललेले पाणी. काठ वळणाचा व उताराचा असल्याने डोळ्याला आडवी रेषा सापडत नाही. यावर एक खात्रीचा उपाय आहे. संथ पाण्यात कळस आणि त्याचे प्रतिबिंब नेहमी एकाच ओळंब्यात असतात. चित्रात ती दोन टोके एकमेकांच्या सरळ खाली-वर आली नाहीत, तर कॅमेरा तिरपा आहे असे समजावे. शाळेच्या सहलीत ही युक्ती सांगितली, की मुले घरी जाऊन जुनी चित्रे तपासून पाहतात.

मेणवली आणि कराड

वाईपासून सुमारे ३ किलोमीटरवर मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा व त्यामागे कृष्णेवरील चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आहे. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी आणलेल्या घंटांपैकी मानली जाणारी एक घंटा येथे टांगलेली आहे. २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटाने हा घाट दूरवर पोहोचविला आणि आता रविवारी त्याच पायऱ्यांवर त्याच पद्धतीने उभे राहण्यासाठी गर्दी होते. आठवड्यातील इतर दिवशी गेल्यास घाट आपल्याला मोकळा मिळतो. नोंदीच्या दृष्टीने या घाटाचे महत्त्व निराळे आहे. त्याची प्रत्येक पायरी ही आयती मोजपट्टी होय. पाण्यावर किती पायऱ्या दिसतात हे मोजून लिहिले, तर तेच चित्र पुढील वर्षी तुलनेस उभे राहते. मात्र वरच्या अंगाला धोम धरण आहे. पाणी सोडलेले असेल तर भर पौषातही पायऱ्या बुडतात. त्याची नोंद केली नाही, तर पुढे पाहणाऱ्याची दिशाभूल होईल.

कराडचा प्रीतिसंगम छायाचित्रकाराची परीक्षा पाहतो. उत्तरेकडून येणारी कृष्णा आणि दक्षिणेकडून येणारी कोयना येथे समोरासमोर भेटतात व एकत्र होऊन पूर्वेकडे वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे त्या काठावरून पाहिले असता सकाळी ऊन तोंडावर येते. धुके, होडी, नमस्कार करणारी आकृती यांसाठी हे उत्तम. परंतु दोन्ही प्रवाह, पलीकडचा काठ व पाण्याचा रंग स्पष्ट दाखवावयाचा असेल, तर दुपारी तीननंतर यावे. तेव्हा सूर्य पाठीशी असतो. एका सहलीत दोन्ही साधणे कठीण. आम्ही पहिल्या वर्षी हट्टाने दिवसभर थांबलो आणि परतीची शेवटची गाडी चुकवली.

नोंदीचे चित्र

यासाठी विशेष कौशल्य नको, शिस्त हवी. पूल, मंदिराचा चौथरा, पिंपळाचा पार, पाणीपुरवठ्याची जॅकवेल अशी न हलणारी वस्तू चौकटीत घ्यावी. उभे राहण्याची जागाही तशीच पक्की असावी: पुलाच्या कठड्याचा ठरावीक खांब किंवा घाटाची ठरावीक पायरी. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर धरावा व भिंगाने दृश्य जवळ ओढू नये. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच प्रहरी चित्र घ्यावे. मागे किंवा वहीत गाव, जागा, दिशा, तारीख, वेळ आणि धरणातून पाणी सोडले होते किंवा नाही, एवढे लिहावे. जलसंपदा विभागाच्या निळ्या व लाल पूररेषेची जागा असे चित्र घेऊ शकत नाही. ती रेषा मोजणीने ठरते. काठ कापला जाणे, वाळू नाहीशी होणे, बंधाऱ्यामागे गाळ साचणे यांची साक्ष मात्र ते देऊ शकते.

काठावर वावरताना दोन गोष्टी पाळाव्यात. घाटावर स्नान करणाऱ्या अथवा धुणे धुणाऱ्या स्त्रियांची चित्रे घेऊ नयेत आणि इतरांचीही विचारल्यावाचून घेऊ नयेत. कोरड्या दिसणाऱ्या गाळावर पाय ठेवण्यापूर्वी गावच्या माणसाला विचारावे. वरची खपली वाळलेली असते आणि खाली गुडघाभर चिखल असतो.

उपर्युक्त गावच्या शाळेत आता एक वही ठेवली आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सहावीचा वर्ग पाराशी जातो, शिक्षक पुलाच्या कठड्यापाशी उभे राहतात आणि चित्र घेतले जाते. पहिल्या वर्षीच्या पानावर मुलांनी पाण्याची पातळी लिहिली; पण पारापासून काठापर्यंतचे अंतर लिहावयाचे राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी टेप नेली.