जुलाब थांबल्यानंतर येणारे लुळेपण

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातील नांदेड, किरकटवाडी, धायरी आदी भागांत ‘गुलेन-बॅरे सिंड्रोम’ अर्थात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयितांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. तेव्हापासून आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो : दूषित पाण्याने पोट बिघडते हे खरे, पण हातपाय कसे लुळे पडतात?

पुण्यातील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू आढळला होता. त्याच्या आवरणावरील काही शर्करायुक्त रेणू आपल्या मज्जातंतूंवरील ‘गँग्लिओसाइड’ या घटकांशी विलक्षण साम्य राखतात. परिणामी जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला चढवितात. जिवाणू स्वतः तेथे पोहोचलेलाही नसतो. या संसर्गानंतर जीबीएस होण्याचे प्रमाण सुमारे हजारात एक इतके अल्प आहे. म्हणून प्रत्येक जुलाबाने घाबरून जाऊ नये.

प्रतिपिंडे तयार होण्यास अवधी लागत असल्याने लक्षणे बहुधा एक ते तीन आठवड्यांनी उमटतात. तोवर जुलाब विस्मरणात गेलेले असतात. पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही; घरचे त्यास अशक्तपणा समजून टॉनिक देतात आणि मोलाचे दिवस निघून जातात. कमजोरी वर चढत श्वसनाच्या स्नायूंपर्यंत गेल्यास व्हेंटिलेटर लागतो, आणि अशी वेळ चार-पाच रुग्णांपैकी एकावर येते. पायांतील शक्ती कमी होत असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे व मागील महिन्यातील जुलाब-ताप डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

इम्युनोग्लोब्युलिन अथवा प्लाझ्मा बदलणे, हे दोन्ही उपचार सारखेच गुणकारी आहेत. मात्र ते लवकर सुरू व्हावे लागतात. खर्चाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : साठ किलो वजनाच्या रुग्णास पाच दिवसांत १२० ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ कुप्या लागतात. मध्यमवर्गीय कुटुंबही येथे हतबल होते. गरीब रुग्ण निधीसाठी आम्ही देणगीदारांकडे पुनःपुन्हा हात पसरतो, तो अशाच रुग्णांसाठी.

बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात. परंतु मज्जातंतूचा गाभाच तुटला असल्यास तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. त्यामुळे घरी गेल्यावरही फिजिओथेरपी अनेक महिने चालू ठेवावी लागते.