केवळ डंबेल्सचा बलवर्धक व्यायाम : लाभ आणि मर्यादा

महाराष्ट्रातील शाळांना ‘डंबेल्स’ हा शब्द नवा नाही. ढोलाच्या ठेक्यावर विद्यार्थ्यांच्या रांगा हातांतील लाकडी डंबेल्स एकमेकांवर वाजवीत सामुदायिक कवायत करतात. लेझीम आणि घुंगुरकाठी यांच्या पंक्तीतलेच हे साधन. या कवायतीने तालबद्धता येते, सांघिक शिस्त अंगी बाणते आणि स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाला शोभा येते. स्नायूंचे बळ मात्र तिने फारसे वाढत नाही, कारण त्या लाकडी तुकड्यांचे वजन नाममात्र असते. व्यायामशाळेतील लोखंडी डंबेल्स ही वस्तू सर्वस्वी निराळी. मागणीपत्रात नुसते ‘डंबेल्स, २० जोड्या’ एवढेच लिहिले, तर पुरवठादार यांपैकी काय पाठवील हे सांगता येणार नाही. नाव एकच असले तरी एक साधन तालाचे आहे, दुसरे भाराचे.

या दुसऱ्या साधनाचा विचार सोलापूर जिल्ह्यासारख्या भागात विशेष अगत्याने करावयास हवा. एखाद्या ग्रामपंचायतीकडे किंवा शाळेकडे रिकामी खोली असते, व्यायामाची आवड असलेली मुले असतात, पण निधी तुटपुंजा असतो. मोठी यंत्रे, बारबेल, तिचे खांब व बाके यांचा खर्च झेपत नाही. अशा वेळी केवळ डंबेल्स घेऊन बलवर्धनाचे काम भागेल काय, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर ‘बऱ्याच अंशी होय’ असे आहे. परंतु कोठवर भागेल आणि कोठे अडेल, हे आधी समजून घेतले नाही तर थोडा पैसाही वायाच जाईल.

तालमीतील भार

सोलापूर शहराला बलोपासनेची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे आज गणेशोत्सव आणि लेझीम यांच्या संदर्भात अधिक ऐकू येत असली, तरी तालीम म्हणजे मुळात मातीचा हौदा, जोर, बैठका आणि कुस्ती. या परंपरेत भाराची साधनेही होती. मुद्गलांची जोडी, करेल, लाकडी संतोला, उचलावयाची दगडी नाल ही त्यांपैकी काही. त्यांतून कमावलेल्या शरीरांबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की, दगडी नालेचे वजन ठरलेले असते. ती उचलता आली तर आली. न आली तर नवशिक्याने निमूटपणे दुसरे काहीतरी करावे.

पाश्चात्त्य व्यायामपद्धतीने डंबेल्सचा प्रसार केला तो नेमका या ठिकाणी उपयोगी पडला. यूजेन सँडो या प्रसिद्ध बलोपासकाने १९०४-०५ च्या सुमारास भारताचा दौरा केला, आणि डंबेल्स हे सुशिक्षित तरुणांच्या कुतूहलाचे साधन बनले. त्यामागील शास्त्रीय सूत्र मात्र पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्पष्ट झाले. जखमी सैनिकांवर उपचार करताना अमेरिकी सैन्यातील डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांनी दुबळ्या स्नायूंना मोजून मापून, क्रमाक्रमाने वाढता भार देण्याची पद्धत अवलंबिली. १९४५ मध्ये त्यांनी ती वैद्यकीय जगापुढे मांडली. भार आज पेलतो त्याहून किंचित अधिक, आणि पेलू लागला की पुन्हा किंचित अधिक, हे ते सूत्र होय. कोणत्याही साधनाची परीक्षा याच सूत्रावर करावयाची.

डंबेल्सची जमेची बाजू

या परीक्षेत डंबेल्स सुरुवातीला उत्तम उतरतात. दोन्ही हातांत स्वतंत्र भार असल्यामुळे बलवान हात दुबळ्या हाताचे काम आपल्याकडे घेऊ शकत नाही. एकाच हाताने वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाच्या दोन बाजूंत केवढी तफावत असते, ते पहिल्या आठवड्यातच उघड होते. सांध्यांना आपापल्या सोयीच्या मार्गाने फिरण्याची मोकळीक राहते, त्यामुळे खांदा अथवा मनगट कुरकुरणाऱ्यालाही हाताचा कोन थोडा बदलून व्यायाम चालू ठेवता येतो. शिवाय बाकावर निजून बारबेल छातीवरून ढकलताना शक्ती संपली, तर दांडी अंगावर अडकते आणि मदतीला दुसरा मनुष्य लागतो. डंबेल्स बाजूला खाली ठेवता येतात. ज्या गावात प्रशिक्षक रोज हजर नसतो, तेथे हा लाभ लहान नव्हे.

हलका भार निरुपयोगी असतो, हा समजही आता मागे पडला आहे. भार जड असो वा बराच हलका, आवर्तने जवळजवळ थकव्यापर्यंत नेली तर स्नायूंची वाढ साधारण सारखीच होते, असे गेल्या काही दशकांतील संशोधनातून पुनःपुन्हा दिसून आले आहे. पाच किलोचा डंबेल पंचवीस वेळा उचलणाऱ्याने आपण वेळ दवडीत आहो असे मानू नये. मात्र एकाच वेळी अधिकाधिक वजन उचलण्याची जी क्षमता, म्हणजे रूढ अर्थाने ताकद, ती जड भारानेच अधिक वाढते. डंबेल्सच्या मर्यादा नेमक्या येथून सुरू होतात.

अडचण कोठे येते

पहिली अडचण पायांची आहे. शरीरातील सर्वांत मोठे व बलिष्ठ स्नायू मांड्यांत आणि नितंबांत आहेत; त्यांना पुरेसा भार द्यावयाचा तर तो हातांनी धरावा लागतो, आणि हाताची पकड पायांच्या कितीतरी आधी हार खाते. बारबेल खांद्यावर विसावते. डंबेल्सना तशी जागा नाही. हातात दोन जड डंबेल्स घेऊन बैठका काढणारा तरुण थांबतो तो मांड्या दमल्या म्हणून नव्हे, तर बोटे सुटू लागली म्हणून. गावोगावच्या व्यायामशाळांत रुंद छाती आणि काटकुळे पाय अशी जी आकृती दिसते, तिचे एक कारण हे आहे. दुसरे कारण आरसा, हेही मान्य करावयास हवे.

दुसरी अडचण अंकगणिताची आहे, आणि ती खरेदी करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. बाजारात अखंड डंबेल्स बहुधा अडीच, पाच, साडेसात, दहा किलो अशा टप्प्यांनी मिळतात. हात बाजूला खांद्याच्या उंचीपर्यंत नेण्याच्या व्यायामात पाच किलोवरून साडेसात किलोवर जाणे म्हणजे भार एकदम दीडपट करणे होय. खांद्याचा लहान स्नायू ही उडी घेऊ शकत नाही. मग एक तर मनुष्य महिनोन्महिने पाच किलोवरच राहतो, किंवा कमरेला झटका देऊन साडेसात किलो कसेबसे वर फेकतो आणि पाठ दुखावून घेतो. याउलट ४० किलोच्या बारबेलला दोन्ही टोकांस सव्वा-सव्वा किलोची चकती लावली, तर वाढ सुमारे ६ टक्केच होते.

तिसरी गोष्ट तोलाची. दोन सुटे भार सावरण्यातच शक्तीचा काही अंश खर्ची पडतो. निजून छातीवरून ढकलण्याच्या व्यायामाची तुलना झाली, तेव्हा डंबेल्सनी उचललेले कमाल वजन बारबेलपेक्षा सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी भरले. तोल सावरण्याचा सराव हा लाभ आहेच. पण शुद्ध भार वाढवावयाचा असेल तेव्हा तोच अडसर ठरतो.

शिवाय शरीर ज्या कामाचा सराव करते, त्याच कामात ते प्रामुख्याने तरबेज होते. सोलापुरात मकरसंक्रांतीच्या सुमारास श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात उंच नंदीध्वज भक्तगण तोलून नेतात. या कामासाठी यात्रेपूर्वी कित्येक दिवस सराव चालतो, तो नंदीध्वज घेऊनच. डंबेल्सनी दंड कमावलेला तरुण पहिल्याच दिवशी तो पेलील, असे जाणकार कधी धरून चालत नाहीत. भारोत्तोलनाच्या स्पर्धेचेही असेच आहे. २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगर याने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविले; ‘स्नॅच’ आणि ‘क्लीन अँड जर्क’ हे त्यातील दोन्ही प्रकार बारबेलचे आहेत. अशा स्पर्धांत उतरू इच्छिणाऱ्या मुलांना केवळ डंबेल्सवर ठेवणे म्हणजे त्यांची दिशाभूल करणे होय. त्यांना वेळीच योग्य केंद्राचा मार्ग दाखवावा.

जोर-बैठकांची जोड

सुदैवाने या उणिवांपैकी पुष्कळशा भरून काढण्याचे साधन आपल्या तालमीतच आहे. पायांसाठी एका पायाची बैठक हा उत्तम उपाय. मागचा पाय बाकावर टेकवून पुढच्या पायाने बैठक काढली, तर शरीराच्या व डंबेल्सच्या भारातील मोठा हिस्सा त्या एकाच पायावर येतो. ६० किलो वजनाच्या मनुष्याने दोन्ही हातांत पंधरा-पंधरा किलो घेतले, की एकूण भार ९० किलो होतो. दोन पायांवर तो निम्मा निम्मा वाटला जाई. आता तसे होत नाही. थोड्या लोखंडात पुष्कळ काम साधते. पहिले काही दिवस तोल जातो, म्हणून एका हाताने भिंत धरावी.

जोर हे छाती, खांदे आणि पोट यांचे भारसाधनच आहे. त्यासाठी खरेदी करावी लागत नाही. उणीव राहते ती वरून खाली ओढण्याच्या क्रियेची. वाकून डंबेल कमरेकडे ओढता येतो, पण दांडीला लोंबकळून अंग वर खेचण्याचे काम डंबेल्स करू शकत नाहीत. त्यासाठी भिंतीत पक्की बसविलेली एक आडवी लोखंडी नळी, दोरखंड किंवा मल्लखांब पुरेसा आहे. यंत्रावर खर्च करण्यापूर्वी या नळीचा विचार व्हावा.

टप्प्यांच्या अडचणीवर दोन तोडगे आहेत. एक, अखंड डंबेल्सऐवजी चकत्या बदलता येणाऱ्या दांड्या घ्याव्यात आणि त्यांबरोबर लहान चकत्याही मागवाव्यात. दोन, भार तोच ठेवून आवर्तने आठवरून पंधरा-वीसपर्यंत न्यावीत, खाली येण्याचा वेग मंदावावा, आणि मगच पुढील वजनाला हात घालावा. चकत्यांच्या दांडीचे आटे ढिले होतात. वापरापूर्वी ते रोज आवळून पाहण्याचे काम एका जबाबदार मुलाकडे सोपवावे.

व्यायाम कोणासाठी

बलवर्धनाची गरज केवळ तरुण मुलांना आहे, ही कल्पना सोडावयास हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी सर्व प्रमुख स्नायूंचा बलवर्धक व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल आणि बळ यांचा व्यायाम किमान तीन दिवस करावा. चालण्याने हृदय सुधारते, पण वयाबरोबर झिजणारे स्नायू त्याने पुरेसे टिकत नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज देण्यात आला. रक्तातील साखर वापरणारा सर्वांत मोठा अवयवसमूह म्हणजे स्नायू होत, हे लक्षात घेता या व्यायामाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

सोलापुरात यंत्रमागावर तासन्‌तास उभे राहणारे कामगार आहेत आणि मांडीवर सूप घेऊन वाकून विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत. कष्ट त्यांना कमी नाहीत. परंतु एकाच स्थितीत होणारे कष्ट आणि सर्वांगाला मिळणारा भार या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाकलेल्या पाठीला ओढण्याचा व्यायाम हवा, बसून आखडलेल्या पायांना बैठका हव्यात. तालमीच्या मातीत स्त्रियांना सहसा प्रवेश नव्हता. दोन, तीन, पाच किलोच्या डंबेल्सच्या काही जोड्या मात्र शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या खोलीत दार लावून वापरता येतात. डंबेल्सचा हा गुण कोणत्याही तौलनिक तक्त्यात आढळणार नाही, पण ग्रामीण भागात तोच कदाचित सर्वांत मोलाचा आहे.

लहान वयात वजन उचलल्याने उंची खुंटते, अशी भीती पालक वारंवार व्यक्त करतात. योग्य देखरेखीखाली, बेताचा भार घेऊन केलेल्या व्यायामाने वाढीवर अनिष्ट परिणाम होत नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या अहवालात नमूद केले आहे. धोका आहे तो देखरेखीवाचून चाललेल्या चढाओढीत. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आरंभ करू नये, आणि भार उचलताना श्वास रोखून धरू नये.

खरेदी व व्यवस्था

क्रीडा विभागाच्या व्यायामशाळा विकास योजनेतून अनुदान मागताना किंवा स्वनिधीतून खर्च करताना मागणीपत्रात लोखंडी डंबेल्स, प्रत्येक जोडीचे वजन आणि चकत्यांची संख्या स्पष्ट लिहावी. जड जोड्या मोजक्या आणि हलक्या जोड्या अधिक असाव्यात. प्रत्यक्षात उलट होते आणि वीस किलोची जोडी कोपऱ्यात गंजत पडते. खोलीत शहाबादी फरशी असल्यास जाड रबरी चटई आधी घालावी, कारण हातातून निसटलेला दहा किलोचा डंबेल फरशी आणि पायाचे बोट दोन्ही फोडतो. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. पत्र्याच्या खोलीत तेव्हा पहाटेचीच वेळ ठेवावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस, एकाआड एक, पाऊण तास एवढा व्यायाम नवशिक्याला पुरे. पहिल्या महिन्यात प्रत्येक प्रकाराची दोन आवर्तनमालाच घ्याव्यात.

साधने जडवस्तू नोंदवहीत वजनासह चढवावीत. स्त्रियांची वेळ कोणती, मुलांची कोणती, आणि त्या त्या वेळी खोलीची किल्ली कोणाकडे राहील, हे खरेदीच्या ठरावातच नमूद करून घ्यावे.