तळ्याकाठचं घर घेतेस ना?

अगं, पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोजमधल्या त्या घराचे फोटो पाहिले. तळं सुरेख आहे, प्रश्नच नाही. पण एवढ्या फोटोंत बांध कुठेच दिसेना, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेली बाई मी, मला आधी बांधच दिसतो! मातीचा भराव घालून ओढा अडवून ते तळं केलं असेल, तर त्या बांधाला मालकही असणारच. तो मालक रहिवाशांची संघटना असेल, तर घराबरोबर धरणाचा वाटाही तुझ्या गळ्यात पडतोय.

अमेरिकेतली निम्म्याहून जास्त धरणं खाजगी मालकीची आहेत. सरकार तपासतं, नोटीस काढतं. दुरुस्तीचा खर्च मालकाचा. सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडायची वाट, नव्याने बांधायची वेळ आली की तो खर्च घराघरांवर वाटला जातो. एजंट गोडच बोलेल, तू कागद माग. धरणासाठी राखीव निधी किती? इंजिनिअरने शेवटच्या तपासणीत काय सांगितलं आणि त्यातलं झालं किती?

मी उगाच घाबरवत नाहीये. त्याच पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्कचं धरण होतं. राज्याने कालव्यासाठी बांधलेलं, पुढे खाजगी हातात गेलेलं. एका मालकाने तळाचे लोखंडी नळ काढून भंगारात घातले, म्हणजे तळं रिकामं करायची सोयच गेली. मग पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबने मासेमारीसाठी ते घेतलं. कार्नेगी, फ्रिक असले सभासद. त्यांनी घोडागाड्यांसाठी बांधाचा माथा उतरवला आणि मासे पळू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या ठोकल्या. खालच्या गावातल्या लोखंड कंपनीने तपासणी करून इशारा दिला, तो क्लबने उडवून लावला. 31 मे 1889 च्या पावसात जाळ्यांत काटक्याकचरा अडकला, पाणी बांधावरून गेलं आणि बांध वाहून गेला. खालच्या जॉन्सटाउन परिसरात 2,200 हून जास्त माणसं गेली. क्लबकडून कोर्टात कुणालाही भरपाई मिळाली नाही.

म्हणून तिथे गेलीस की आधी तळ्याकडे पाठ कर आणि बांधाच्या पायथ्याशी उतर. उतारावर मोठी झाडं असतील तर सावलीवर भाळू नकोस. मूळ कुजलं की पाण्याला आतून वाट मिळते. प्राण्यांची बिळं बघ. पायथ्याला थोडा नितळ पाझर असतोच, तो गढूळ झाला की आतली माती वाहतेय असं समज. चिपळूणजवळचं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. मंत्र्यांनी मात्र खापर खेकड्यांवर फोडलं!

अमेरिकेच्या राष्ट्रीय धरण नोंदवहीत तुझं तळं शोध. ‘हाय हॅझर्ड’ लिहिलं असलं तर धरण कच्चं आहे असं नाही. फुटलं तर खालची माणसं दगावतील, असा त्याचा अर्थ. खाली नवी घरं झाली तरी ती श्रेणी चढते, आणि वाढीव कामं तुमच्याच माथी येतात. धरणाच्या स्थितीचा शेरा वेगळा असतो, तोही वाच.

घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत, त्याची वेगळी पॉलिसी लागते. बयाणा देण्याआधी संघटनेचे सगळे कागद मला पाठव.