संथ तबकडी व संगणकाची कीर्द

मारुंजीच्या माळावरून रात्रीं हिंजवडीकडे पाहिलें म्हणजे कचेऱ्यांचे दिवे डोळ्यांत भरतात. तेथील संगणक क्षणाचीही उसंत न घेतां राबत असतात, अशी आमच्या विद्यार्थ्यांची समजूत आहे. ती अर्धीच खरी. संगणकाचा बराच काळ वाट पाहण्यांत जातो, व ती वाट बहुधा साठवणीच्या तबकडीची असते.

हार्ड डिस्क म्हणजे गरगर फिरणारी चुंबकीय तबकडी. मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचकशीर्षाखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो. शिवाय शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी ८-९ मिलिसेकंद. उलट रॅममधील मजकूर सुमारें १०० नॅनोसेकंदांत हातीं येतो. मेजावरील वही उघडण्यास कारकुनास एक सेकंद लागत असेल, तर कपाटांतील वही आणण्यास त्याच मानानें दीड दिवस लागावा! १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें काढलेल्या पहिल्या तबकडी-यंत्रांत ५० तबकड्या असून त्यांत अवघीं ५० लाख अक्षरें मावत. तेव्हांपासून साठवण लक्षावधी पटींनीं वाढली. हुडकण्याचा वेळ मात्र ६०० मिलिसेकंदांवरून येथवरच उतरला.

यावर फाइल सिस्टीम काय करिते? एकदां आणलेली वही ती लगेच परत पाठवीत नाहीं, मेजावरच ठेविते. तिसरें पान मागितलें तर चौथें-पांचवें न मागतां घेऊन येते. आणि आलेल्या मागण्या आल्या क्रमानें न पुरवितां, उंच इमारतींतील लिफ्ट मजल्यामागून मजला घेते त्याप्रमाणें, वाटेंत लागतील तशा पुरविते. याचा लाभ लहान नव्हे. चार किलोबाइटांचे तुकडे विखुरलेले असतील तर सेकंदास सुमारें ८० वेंचतां येतात, म्हणजे जेमतेम ३२० किलोबाइट. तोच मजकूर सलग असेल तर १५० मेगाबाइट सहज वाचून होतात.

लिहिण्याच्या बाबतींत मात्र हाच चतुरपणा धोक्याचा ठरतो. लिनक्समध्यें लिहिलेला मजकूर सामान्यतः तीस सेकंदांपर्यंत स्मृतींतच राहूं शकतो, आणि लिहिणाऱ्यास तर "झालें" असें उत्तर केव्हांच मिळालेलें असतें. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एका तुकडीचे गुण संगणकावर चढविले, जतन केले, आणि दहा सेकंदांत वीज गेली. पुन्हां यंत्र सुरू केलें तों फाइलीचें नांव जागेवर, आंत एकही अक्षर नाहीं. उत्तरपत्रिका होत्या म्हणून बहुतेक गुण पुन्हां लावितां आले. एका मुलीचा तोंडी परीक्षेचा गुण मात्र कागदावर कोठेंच नव्हता. तो आम्हीं आठवणीनें दिला. तिला न्याय मिळाला कीं नाहीं, ही रुखरुख अजून गेली नाहीं.

अशा प्रसंगासाठीं जो उपाय निघाला तो आपल्या व्यापाऱ्यांस जुनाच परिचित आहे: आधीं कीर्द, मग खतावणी. करावयाचा फेरफार प्रथम एका सलग नोंदवहींत लिहावयाचा, त्याखालीं पूर्णतेची खूण करावयाची, व मग सवडीनें तो मूळ जागीं उतरवावयाचा. वीज गेलीच तर पूर्ण नोंदी पुन्हां उतरवितात, अपुऱ्या टाकून देतात. एक्स्ट-३ ही अशी कीर्द ठेवणारी फाइल सिस्टीम २००१ सालीं लिनक्सच्या मुख्य प्रवाहांत आली. परंतु कीर्दींत बहुधा फाइलीचें नांव, आकार व जागा एवढाच हिशेब असतो. आंतील मजकूर नसतो. म्हणूनच आमचें नांव वांचलें व गुण गेले.

फिरती तबकडीच नसलेले एसएसडी आतां सर्वत्र झाले आहेत, पण तेही स्मृतीहून शेंकडों पटींनीं संथच. पुण्यांत सी-डॅकनें १९९१ सालीं बांधलेल्या 'परम ८०००' पासून पुढें महासंगणकांचें गणित जसजसें वाढलें, तसतसे फाइलींचे तुकडे पाडून ते अनेक साठवणींवर एकाच वेळीं लिहिण्याची रीत रूढ झाली. संथपणा यानें जात नाहीं, वांटला जातो.

मजकूर खरोखर तबकडीवर पोंचल्याविना "झालें" म्हणूं नये, असें बजावण्याची एक आज्ञाही आहे. तिचें नांव एफसिंक. तिच्यामुळें काम मंदावतें, म्हणून ती प्रत्येक ओळीस कोणी देत नाहीं. बँकेच्या व्यवहारांत मात्र ती द्यावीच लागते. पेनड्राइव्ह उपटण्यापूर्वीं "सुरक्षितपणें काढा" हें बटण दाबावयास आम्ही वर्गांत सांगतों, तेंही याचकरितां: राहिलेलें लिखाण त्या वेळीं खालीं उतरतें.