उघडी बंदूक बघून क्लब निवड

कोल्हापूर

चि. भाचीस,

मस्कतमध्ये शॉटगन शिकायची आहे, हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायच्या आहेत, तर क्लब कसा निवडावा, असं तू विचारलं आहेस. कोल्हापूरकराला नेमबाजीचा प्रश्न विचारणं साहजिकच आहे. पण आधी एक फरक लक्षात घे. आपल्या गावाचं नाव झालं ते रायफल आणि पिस्तुलात. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली ती ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं ते २५ मीटर पिस्तुलात, आणि स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं ते रायफल थ्री पोझिशन्समध्ये. त्यामुळे इथली जाणती माणसं तुला क्लबाविषयी जे सांगतील, म्हणजे छत कसं आहे, इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहेत का, शांतता किती, ते त्या खेळापुरतं खरं आहे. तिथे नेमबाज एका जागी असतो, लक्ष्य स्थिर असतं, सगळ्या नळ्या एकाच दिशेला असतात. शॉटगनचा खेळ चालता आहे. म्हणून माझं सांगणं एवढंच, की क्लब निवडताना बार उडतो त्या क्षणाकडे फार बघू नकोस. दोन बारांच्या मधल्या वेळात तिथली माणसं बंदुकीशी कशी वागतात ते बघ आणि त्यावरून ठरव.

ट्रॅपचं मैदान डोळ्यांपुढे आण. पाच जागा एका ओळीत, त्यांच्यापुढे १५ मीटरवर जमिनीत खंदक आणि खंदकात १५ यंत्रं. नेमबाजाने आवाज दिला की त्याच्यासमोरच्या तीन यंत्रांपैकी एक तबकडी फेकतं. ती सरळ जाणार, डावीकडे की उजवीकडे, हे आधी कळत नाही. तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅम वजनाची, आणि सराईत नेमबाज ती सुटल्यावर सेकंदाच्या आत बार टाकतो. बघणाऱ्याची नजर तिथेच खिळते. पण जरा हिशेब कर. तुकडीत सहा जण, प्रत्येकाला २५ तबकड्या, आणि प्रत्येक तबकडीनंतर नेमबाज पुढच्या जागेवर सरकतो. म्हणजे एका फेरीत १५० वेळा कोणीतरी हातात बंदूक घेऊन चालतं, आणि पाचातला एक फेरा तर शेवटच्या जागेवरून इतरांच्या पाठीमागून वळसा घालून पहिल्या जागेकडे येण्याचा असतो. बार टाकताना नळी मोकळ्या मैदानाकडे असते, तिच्यापुढे माणूस नसतो. जे काही अघटित घडायचं ते या चालण्यात, वाट बघण्यात, गप्पांत घडतं. जागा सोडताना बंदूक उघडी आणि रिकामी असलीच पाहिजे, हा नियम त्यासाठीच आहे. एकावर एक नळ्या असलेली बारा बोरची बंदूक मधून उघडली, की तिच्यात काडतूस नाही हे लांबून कुणालाही दिसतं. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

हा नियम प्रत्येक क्लबाच्या भिंतीवर लिहिलेला असतो, त्यामुळे भिंत वाचून काही कळणार नाही. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. अशा एखाद्या सकाळी, पैसे भरण्याआधी, परवानगी घेऊन मागे उभी राहा आणि दोन फेऱ्या नुसत्या बघ. हातातल्या बंदुका उघड्या आहेत का? बार निघाला नाही तर नेमबाज नळी समोरच ठेवून थांबतो, की ‘काय झालं’ म्हणत मागे वळतो? कान आणि डोळे झाकल्याशिवाय कुणाला आत सोडतात का? शॉटगनचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, तेव्हा ही बाब किरकोळ समजू नकोस. सर्वांत महत्त्वाचं, चूक झाली तर बोलतं कोण? एखादा जुना, वजनदार सभासद बंद बंदूक घेऊन वळला आणि रेंजवरच्या तरुण अधिकाऱ्याने त्याला सगळ्यांदेखत थांबवलं, आणि त्या सभासदानेही मुकाट्याने बंदूक उघडली, तर तो क्लब तुझा. आखातात हुद्दा, कंपनी, ओळख यांना वजन फार असतं. जिथे हे वजन बंदुकीच्या नियमालाही वाकवतं तिथे नवख्या माणसाने उभं राहू नये, कारण चूक वरच्याची आणि जखम खालच्याची असं तिथे व्हायला वेळ लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो अल ऐनचा. ओमानच्या सीमेवरच्या बुरैमीच्या वेशीपलीकडे, अमिरातीत, शॉटगनच्या विश्वचषक स्पर्धा भरवलेलं मैदान आहे, दुबईतही उत्तम क्लब आहेत, मग जवळच्या साध्या रेंजवर वेळ का घालवायचा, असं तुझ्या ऑफिसातलं कोणीतरी म्हणेलच. आखात शॉटगनमध्ये मोठं आहे यात शंका नाही. २००४ मध्ये अथेन्सला आपल्या राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं तेव्हा सुवर्ण घेणारे अहमद अल मक्तूम दुबईचे होते, आणि ते अमिरातीचं पहिलंच ऑलिंपिक पदक होतं. कुवेतचे फहैद अल दैहानी, कतारचे नासर अल अतिया ही नावंही याच खेळातली. ओमानच्या अहमद अल हतमी यांनी २०१२ मध्ये लंडनला डबल ट्रॅपमध्येच भाग घेतला होता. पण शिकणाऱ्याला उपयोगी पडते ती नियमित हजेरी. शॉटगनमध्ये रायफलीसारखी माशी जुळवून नेम धरत बसत नाहीत. नजर तबकडीवर ठेवायची आणि हात तिच्यामागे आपोआप जायला हवा. हे आपोआपपण आठवड्याला एक-दोन फेऱ्या, महिनोन्‌महिने, यातूनच येतं. वेस ओलांडून तीन महिन्यांतून एकदा जाणाऱ्याला दरवेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शिवाय सलग येणाऱ्या सभासदालाच कोच आणि रेंजवाले ओळखतात, त्याच्या चुका लक्षात ठेवतात. म्हणून पाऊण तासावरचा नेटका क्लब मला चार तासांवरच्या नामांकित क्लबापेक्षा बरा वाटतो. शिकून झाल्यावर अल ऐनला स्पर्धा बघायला जरूर जा.

आता जागेविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण ओमानची भूमी या बाबतीत फसवी आहे. मस्कतबाहेर माळ रिकामा दिसतो आणि रिकामी जागा सुरक्षित असं वाटून जातं. शॉटगनचे बारीक छर्रे दोनशे मीटरच्या पलीकडेही पडू शकतात, आणि त्या रिकाम्या माळावर शेरडं चरतात, उंट हिंडतात, सुट्टीच्या दिवशी वाडीच्या कडेने कुटुंबं चटया टाकून बसतात. (तिथे वाडी म्हणजे पावसाळी ओढ्याचं कोरडं पात्र, आपली आंब्या-फणसाची वाडी नव्हे, हे तुला आता सांगायला नको.) तेव्हा छर्रे पडण्याच्या पट्ट्याला कुंपण आहे का, लाल निशाण लागतं का, कोणी आत शिरलं तर खेळ थांबवतात का, हे विचार. दुसरा प्रश्न शिशाचा. आंतरराष्ट्रीय नियमाने एका काडतुसात २४ ग्रॅमपर्यंत छर्रे असतात. २५ काडतुसं उडवली की एका माणसाचं ६०० ग्रॅम शिसं जमिनीवर पडतं. ट्रॅपमध्ये एका तबकडीला दोन बार मिळतात, म्हणजे प्रत्यक्षात आणखी जास्त. ज्या देशात शेती आणि गावं शेकडो वर्षं फलजांच्या, म्हणजे तिथल्या जुन्या पाटांच्या, पाण्यावर जगली, ज्यातल्या पाच फलजांना २००६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तिथे हे शिसं वाडीच्या पात्रात पडू देणं मला अक्षम्य वाटतं. आणि वाडी कोरडी दिसते म्हणून ती कोरडीच राहते असं नाही. २००७ मध्ये गोनू आणि २०२१ मध्ये शाहीन या चक्रीवादळांनी तिथे कसे लोंढे आणले ते जगाने पाहिलं. शिसं ठराविक काळाने गोळा करणारा, मैदान वाडीपासून दूर राखणारा आणि खेळ संपल्यावर हात धुवायला साबण ठेवणारा क्लब शोध. साबणासारखी बारीक सोय ज्याच्या लक्षात येते, त्याच्या बाकीच्या गोष्टीही बहुधा लक्षात असतात.

उन्हाचंही तेच. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांना काम करायला लावू नये असा ओमानचा कायदाच आहे. तबकड्यांची यंत्रं भरणारी माणसं मजूरच असतात. उन्हाळ्यात भर दुपारी मैदान चालू ठेवणारा क्लब त्यांच्याशी कसा वागतो आणि म्हणून तुझ्याशी कसा वागेल, हे तुला दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरत नाही.

शिकवण्याची पद्धतही त्या मधल्या वेळातच दिसते. नवख्याच्या हातात बारा बोरची जड बंदूक देऊन थेट ट्रॅपच्या वेगवान तबकडीसमोर उभं करणारे असतात. खांदा सुजतो, एकही तबकडी फुटत नाही आणि माणूस परत येत नाही. चांगला कोच आधी तुझा कुठला डोळा प्रबळ आहे ते तपासेल. उजव्या हाताच्या कितीतरी जणांचा डावा डोळा प्रबळ असतो आणि हे न कळता वर्षभर तबकड्या चुकत राहतात. मग तो दस्त्याची लांबी तुझ्या हाताला जुळते का बघेल, वीस बोरची हलकी बंदूक देईल, आणि बहुधा स्कीट या शॉटगनच्याच दुसऱ्या प्रकाराच्या मैदानावर सातव्या जागेवरून, तबकड्या फेकणाऱ्या दोन घरांपैकी खालच्या घरातून निघणारी तबकडी मारायला लावेल. ती तुझ्यापासून जवळजवळ सरळ दूर जाते आणि स्कीटमध्ये तबकडीची वाट ठरलेली असते, त्यामुळे पहिल्या दिवशी काहीतरी फुटतं. काडतूस हातात देण्यापूर्वी जो कोच रिकामी बंदूक दहा वेळा उघडायला-मिटायला लावतो, त्याची फी जास्त असली तरी दे.

तुला वाटेल, इतकी शिस्त असेल तर मजा कुठे राहिली? मी याच्या उलट मानतो. ज्या रेंजवर शेजारच्याची नळी कुठे आहे यावर एक डोळा ठेवावा लागतो, तिथे तबकडीवर दोन्ही डोळे ठेवताच येत नाहीत. नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले असले की मन मोकळं होतं, गप्पा रंगतात, चुकलेल्या तबकडीवर हसता येतं. नव्या माणसाला क्लबात आपलं वाटणं हे याच मोकळेपणावर अवलंबून असतं.

आणखी एक शंका तू लिहिली नाहीस, पण ताईच्या, म्हणजे तुझ्या आईच्या मनात नक्की आहे: मुलीने एकटीने तिथे जावं का. १९९२ मध्ये बार्सिलोनाला स्कीटची स्पर्धा स्त्री-पुरुषांची एकत्र होती आणि चीनच्या झांग शान यांनी सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. ओमानच्याच वधा अल बलूशी २०१६ मध्ये रिओला पिस्तूल नेमबाजीत उतरल्या. तेव्हा खेळ स्त्रियांचा नाही हे म्हणणं टिकत नाही. मात्र क्लब तुझ्यासाठी योग्य आहे का हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर तिथे नेमाने येणाऱ्या एखाद्या बाईलाच विचार. कोचला नव्हे. मापाचे कानाचे मफ, लहान दस्ता, बंदूक खांद्याला लावून दाखवताना अंगाला हात लावण्यापूर्वी विचारण्याची रीत, या गोष्टी तीच नीट सांगेल.

शेवटी कायद्याचं. ओमानमध्ये शस्त्राचा परवाना रॉयल ओमान पोलिसांकडून मिळतो आणि परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बाळगणं हा गुन्हा आहे. तू स्वतःची बंदूक घेण्याच्या फंदात पडू नकोस. क्लबाची बंदूक, क्लबाची काडतुसं, आणि दोन्ही तिथेच ठेवून घरी यायचं. जो क्लब नवख्याला ‘काडतुसं घरी घेऊन जा’ म्हणेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नकोस. मैदान लष्कराच्या किंवा पोलिसांच्या आवारात असेल तर विचारल्याशिवाय फोटोही काढू नकोस. सुट्टीवर इकडे येताना तर विशेष जप. खेळायची बॅग आणि विमानाची बॅग वेगळी ठेव, आणि खिसे उलटे करून बघ. विसरून राहिलेलं एखादं काडतूस विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसलं, तर भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली प्रकरण होऊ शकतं, आणि ‘मी खेळाडू आहे’ या उत्तराने ते तिथल्या तिथे मिटत नाही. आठवण म्हणून रिकामं टरफलसुद्धा आणू नकोस.

सुरुवात ऑक्टोबर उलटल्यावर कर. तोवर उकाडा उतरलेला असतो आणि सकाळी आठलाही उभं राहता येतं. तोपर्यंत दोन-तीन ठिकाणी नुसती बघून ये. काय दिसलं ते मला कळव, आणि आधी घरच्या घरी कुठला डोळा प्रबळ आहे तेवढं तपासून ठेव. दोन्ही डोळे उघडे ठेवून, हात लांब करून अंगठ्याने दूरची वस्तू झाक आणि मग एकेक डोळा मिटून बघ. ज्या डोळ्याने अंगठा वस्तूवरच राहतो तो प्रबळ. डावा निघाला तर पत्रात लिही. कोचशी काय बोलायचं ते मी सविस्तर कळवतो.

तुझा,
मामा