लष्करात नर्स व्हायचं म्हणतेस?

अगं, परवा तुझ्या आईने मला भाजीबाजारात गाठलं. “पोरगी मिलिटरीत नर्स व्हायचं म्हणते, तिकडे बंदूक चालवावी लागते का?” त्यांना मी काय ते सांगितलं, पण खरं बोलायचंय तुझ्याशी. नीटचा अभ्यास, घरात साड्यांना टिकल्या आणि लेस लावायचं काम, त्यात भावाची दहावी. डोकं गरगरतंय ना? सुरतेत उधना-लिंबायतमधल्या आपल्या कितीतरी घरांत हेच चालू असतं. तरी दहा मिनिटं टिकल्या बाजूला ठेव आणि ऐक.

आधी अर्जाचं बोलू, कारण हुशार पोरीसुद्धा तिथेच अडकतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, पहिल्याच प्रयत्नात पास आणि निदान 50 टक्के. नीट तर द्यायचीच, पण नुसती नीट देऊन भागत नाही बघ. सैन्यभरतीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज भरावा लागतो आणि त्याची मुदत कोणी घरी येऊन सांगत नाही. नीटच्या गुणांवरून पुढचं बोलावणं येतं. मग संगणकावर सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची परीक्षा, मानसिक चाचणी, मुलाखत आणि मेडिकल. पुण्याचं एएफएमसी, मुंबईत कुलाब्याचं अश्विनी, शिवाय दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बेंगळुरू अशी सहा कॉलेजं आहेत, सगळी मिळून साधारण 220 जागा. अटी वर्षागणिक थोड्या बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाच, मैत्रिणीच्या स्टेटसवर विसंबू नकोस.

“ताई, मी महापालिकेच्या मराठी शाळेतली, इंग्रजीचं कसं होणार?” असं म्हणणार आहेस, माहितीय मला. अगं, तुला तिथे निबंधस्पर्धा जिंकायची नाहीये. साधं वाक्य नीट बोलता आलं, विचारलेलं समजलं आणि समजलं नाही तर तसं सांगता आलं, की पुढचं जमतं. रोज मोठ्याने एक पान वाच. घरचे हसले तर हसू देत. मुलाखतीत देशसेवेचं पाठ केलेलं भाषण मात्र नको, समोरच्यांनी ते सकाळपासून ऐकलेलं असतं.

कॉलेज मनासारखंच मिळेल असं नाही. मुंबई मिळालं तर फ्लाइंग राणी, पुणे मिळालं तर अहिंसा एक्सप्रेस. सणाला पटकन घरी येता येईल. कोलकाता मिळालं तर? रडशील आठवडाभर, आणखी काय! सगळ्याच रडतात. पण चार वर्षं राहणं, जेवण, शिक्षण सगळं सरकारचं, वर विद्यावेतन. तुझ्या बाबांना हे आधी सांग, मग बाकीचं. त्या चार वर्षांत शरीररचना, मानसिक आजार, बाळंतपण, साथीचे रोग असं सगळं शिकवतात. म्हणजे इतर नर्सिंग कॉलेजात असतं तेच, फक्त पहाटेची पीटी आणि कवायत जास्तीची. पीटीला घाबरू नकोस. पहाटे पाण्यासाठी उठणाऱ्या पोरीला शिट्टीचं काय कौतुक?

आता कामाचं सांगते. खरं सांगू का, सगळ्यांच्या डोळ्यासमोर गोळी लागलेला जवान असतो. तसे पेशंट येतात, पण मिलिटरी हॉस्पिटलमधली सकाळ बरीचशी वेगळी असते. फॅमिली वॉर्डात शिपायाच्या बायकोचं बाळंतपण. नवरा सीमेवर, सासू गावाकडे, आणि ती बिचारी तुझा हात घट्ट धरून बसलेली. पलीकडे निवृत्त हवालदाराची साखर वाढलेली, आणि तो गुळाचा खडा उशीखाली लपवतो. काविळीचे, डेंग्यूचे, पाय मोडलेले रंगरूट. चौकीवर जवान जखमी झाला की पहिला हात लागतो तो त्याच्या युनिटमधल्या नर्सिंग असिस्टंटचा. मग रेजिमेंटल एड पोस्टवरचा डॉक्टर, मग फील्ड हॉस्पिटल, आणि तिथून हेलिकॉप्टरने किंवा ॲम्ब्युलन्सने मागचं मोठं हॉस्पिटल. तू बहुतेक वेळा या साखळीच्या मागच्या टोकाला असशील. तिथे धावपळ थोडी कमी, पण चिकाटी फार लागते.

मुरलीकांत पेटकरांचं नाव ऐकलंयस ना, सिनेमा आला होता बघ 2024 मध्ये. सांगली जिल्ह्यातला हा जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि 1972 च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. आपण पदक बघतो. पण मणक्याला मार बसलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्री तीन वाजतासुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. चादरीला एक चुणी राहिली तरी तिथली कातडी लाल पडते. पुण्यात खडकीला अशा जवानांसाठी 1974 पासून खास पुनर्वसन केंद्र आहे, आणि कृत्रिम पाय बसवायचं केंद्र तर पुण्यातच 1944 पासून. तिथे एकदा नक्की जाऊन ये. तिथे बोलायला शिकशील तू, कारण पाय गेलेल्या पंचविशीतल्या मुलाशी काय बोलायचं हे पुस्तकात नसतं.

आणि एक गंमत. कोर्स संपला की तू थेट लेफ्टनंट होतेस, खांद्यावर दोन तारे. वय बावीस-तेवीस आणि हाताखालचा अनुभवी माणूस बाबांच्या वयाचा! मी पहिल्याच दिवशी वॉर्डातल्या सुभेदारसाहेबांना आधी सलाम ठोकला होता. ते बिचारे इतके अवघडले, की त्यांनाच पाणी द्यायची वेळ आली. रुबाब येतो गं हळूहळू. अवघड असतं ते वेगळंच. रात्रीच्या ड्यूटीनंतर चार्ज देताना कडक औषधांच्या कपाटातली एकेक गोळी, एकेक इंजेक्शन मोजून वहीत सही करायची. एक जरी कमी भरलं तरी जाब तुला विचारणार, असिस्टंटला नाही. ऑफिसर असणं म्हणजे मुख्यतः हे.

लग्नाचं आई विचारणारच, तर उत्तर तयार ठेव. प्रवेशासाठी अविवाहित असणं गरजेचं आहे, ते आहेसच. नोकरीत आल्यावर मात्र लग्न केलं म्हणून कोणी काढत नाही. पूर्वी काढायचे! मिलिटरी नर्स लेफ्टनंट सेलिना जॉन यांना 1988 मध्ये लग्न केलं म्हणून सेवेतून कमी केलं होतं. तो नियम 1995 मध्ये मागे घेतला गेला, आणि 2024 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने त्यांना 60 लाख रुपये द्यायला सांगितलं. त्या बाईने इतकी वर्षं नेट धरला म्हणून मला त्यांचं फार कौतुक वाटतं. 1888 मध्ये दहा इंग्रज नर्सेस मुंबईला उतरल्या तिथून ही लष्करी नर्सिंग सेवा सुरू झाली. 1976 मध्ये याच सेवेतल्या गर्ट्रूड ॲलिस राम भारतीय सैन्यातल्या पहिल्या महिला मेजर जनरल झाल्या. त्याही नर्सच, बरं का. “नर्सच ना शेवटी?” म्हणणाऱ्या काकांना हे ऐकव.

आता जे कोणी सांगत नाही ते ऐक. प्रवेश घेताना करारपत्रावर सही करावी लागते, की शिक्षण झाल्यावर मी सैन्यातच नोकरी करीन. मध्येच सोडलंस तर पैसे भरावे लागतात. बदली कुठेही होईल, आसाम असो की लेह. आई आजारी पडली म्हणून त्याच दिवशी निघता येईलच असं नाही. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. ज्या पोरी हे माहीत करून आल्या त्या टिकल्या, आणि ज्या नुसत्या युनिफॉर्मवर भाळल्या त्या दोन वर्षांतच कंटाळल्या. रक्ताची भीती जाते गं, पंधरा दिवसांत. आपल्या आवडीचं काम नाही हे मात्र उशिरा कळलं तर फार जड जातं.

म्हणून नीट संपली की आठवडाभर एखाद्या सरकारी दवाखान्यात मदतीला बसता येतं का बघ. कोणाची ओकारी पुसायची वेळ आली तर पुस. तरीही दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तर अर्ज भर आणि शेवटच्या तारखेची वाट बघू नकोस.