साबणावरचा ‘टीएफएम’ म्हणजे काय?

प्रश्न : आंघोळीच्या साबणाच्या वेष्टनावरील ‘टीएफएम’ आणि ‘ग्रेड’ यांचा अर्थ काय?

उत्तर : टीएफएम म्हणजे साबणातील एकूण मेदाम्लांचे टक्क्यांतील प्रमाण. तेल किंवा चरबीवर कॉस्टिक सोड्याची क्रिया होऊन साबण बनतो; ही मेदाम्ले त्या तेल-चरबीतून येतात. भारतीय मानकानुसार ‘टॉयलेट सोप’च्या पहिल्या ग्रेडला किमान ७६, दुसऱ्या ग्रेडला ७० आणि तिसऱ्या ग्रेडला ६० टक्के टीएफएम लागतो. ‘बेदिंग बार’ हा वेगळा प्रकार. त्याला ४० टक्केही चालतो. टाल्कसारखा भराव वाढला की टीएफएम घटतो. मात्र काही सौम्य वड्यांत साबणाऐवजी कृत्रिम स्वच्छकारक असतात. त्यांचा कमी टीएफएम हा दोष नव्हे. सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी या आकड्यावरून कळत नाही. म्हणून संवेदनशील त्वचेच्या व्यक्तींनी घटकांची यादीही वाचावी.